मराठी आपल्या डीएनएत नाही, आणि ते बरंच आहे

मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमाला तुमच्यापैकी बरेच जण होतात, त्यामुळे सगळं पुन्हा सांगत बसत नाही. कुसुमाग्रजांच्या फोटोला हार, दोन कविता, एक समूहगीत आणि मग पाहुण्यांचं भाषण. पाहुणे छान बोलले, हे आधीच सांगून टाकते. होळकरांच्या काळापासून माळव्यात मराठी कशी नांदली, ती घराघरांत कशी टिकली, हे त्यांनी मनापासून सांगितलं. शेवटी आवाज चढवून म्हणाले, "इंदूरची मराठी कधीच मरणार नाही, कारण ती आपल्या डीएनएमध्येच आहे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या.

टाळ्या थांबायच्या आतच शेजारच्या काकू माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "तुझं नाव ख्रिस्ती, आडनाव मात्र आपल्यातलं. मग तुम्ही मूळचे कोण गं?"

हा प्रश्न मला नवा नाही. माझे आजोबा नगर जिल्ह्यातले, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, श्रीरामपूरच्या बाजूचे. तरुणपणी गवंडीकामाला म्हणून इंदूरला आले आणि इथलेच झाले. आम्ही कॅथलिक. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, रस्त्यावर हिंदी, आणि भावाशी भांडताना तिन्ही. हे एवढं सगळं सांगितलं तरी ‘मूळचे कोण’ या प्रश्नाचं उत्तर झालेलं नसतं, कारण विचारणाऱ्याला गाव नको असतं, त्यामागचं काहीतरी हवं असतं. ते काय, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

काकू वाईट नव्हत्या. नंतर त्यांनी मला स्वतःच्या डब्यातल्या शंकरपाळ्याही दिल्या. पण घरी येताना सिटी बसमध्ये माझ्या मनात आलं की पाहुण्यांचं वाक्य आणि काकूंचा प्रश्न ही सख्खी भावंडं आहेत. भाषा डीएनएमध्ये असते असं एकदा म्हटलं, की ती कोणाच्या डीएनएमध्ये आहे आणि कोणाच्या नाही, हे विचारणं आपोआप आलंच.

म्हणून हा लेख. पण सुरुवात मी भाषेपासून करणार नाही. ज्या डीएनएचा आपण येता-जाता दाखला देतो, तो डीएनए आजकाल प्रयोगशाळेत कोणत्या कामाला लावलाय, ते आधी सांगते. मला ते ऐकून धक्का बसला होता. आपल्या वाङ्मय मंडळाच्या अंकात विज्ञान कशाला, असं वाटत असेल तर शेवटपर्यंत वाचा आणि मग भांडा.

माझा मावसभाऊ बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. करतोय. त्याच्यापुढे मी त्या दिवसाचा सगळा राग काढला. तो हसून म्हणाला, "अगं, डीएनएमध्ये काय लिहिलंय याच्याशी काहीही देणंघेणं न ठेवता, नुसता स्कॅफोल्ड म्हणून डीएनए वापरणारे लोक आहेत जगात. त्यावर प्रोटीन टांगतात."

स्कॅफोल्ड म्हणजे परांची. हा शब्द मला डिक्शनरीत शोधावा लागला नाही, कारण गवंड्याच्या घरात तो जेवणाच्या ताटावर येतो. इमारतीभोवती बांबू बांधून उभी करतात ती परांची. राजवाड्याची दुरुस्ती चालू होती तेव्हा आपण सगळ्यांनीच ती येता-जाता पाहिली आहे. आजोबा म्हणायचे, भिंत ओळंब्यात आहे का ते मागून बघू, आधी परांची हलते का ते बघ. परांची घर नव्हे. पण उंचावर माणूस नेमक्या जागी उभा राहतो तो तिच्यामुळे.

आता डीएनएची परांची कशी होईल? साहित्याच्या विद्यार्थ्याला डीएनए कायम ग्रंथ म्हणून भेटतो. ए, टी, जी, सी अशी चार अक्षरं, त्यांत लिहिलेली सजीवाची संहिता, तिचं वाचन, तिच्या प्रती. हे सगळं खरं आहे. पण तो ग्रंथ ज्या वस्तूवर लिहिलाय, ती वस्तू म्हणून कशी आहे, हे आपण विचारत नाही. ती विलक्षण शिस्तीची आहे. ए समोर टी, जी समोर सी, याला सहसा अपवाद नाही. दोन धाग्यांचा पीळ २ नॅनोमीटर जाड. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पिळातल्या एका पायरीपासून दुसरी ०.३४ नॅनोमीटरवर, आणि साधारण साडेदहा पायऱ्यांत एक वेढा पूर्ण. म्हणजे जाडी ठरलेली, पायरीची उंची ठरलेली, आणि कोण कोणाला चिकटणार हेही ठरलेलं. गवंड्याला आणखी काय हवं?

ही गोष्ट पहिल्यांदा ज्याच्या लक्षात आली तो नेड सीमन नावाचा अमेरिकन शास्त्रज्ञ. त्याची अडचण काय होती ते समजायला न्यूयॉर्कला जायची गरज नाही, आपल्या कॅट रोडनं गेलं तरी पुरे. तिथल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राला इंदूरकर अजूनही कॅटच म्हणतात. शाळेत असताना विज्ञान दिनाला आम्हाला तिथे नेलं होतं. मला त्यातलं फारसं कळलं नाही, एवढंच आठवतं की एका प्रचंड गोल रिंगणात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं फिरतात आणि वळताना त्यांच्यातून किरणं निघतात. इंडस-१ हे त्यातलं पहिलं यंत्र १९९९ मध्ये सुरू झालं, मग आलं त्याहून खूप मोठं इंडस-२, ज्याचा घेर १७२ मीटरच्या आसपास आहे. त्याच्या एका किरणवाटेवर प्रथिनांची रचना पाहण्याचं काम चालतं. प्रोटीनला मराठी पाठ्यपुस्तकात प्रथिन म्हणतात, मीही इथे तेच म्हणते.

प्रथिन इतकं बारीक असतं की त्याच्या एकट्या रेणूवरून उडालेले क्ष-किरण पकडणं जवळजवळ अशक्य. पण तसेच अब्जावधी रेणू एका दिशेला तोंड करून रांगेत उभे केले, म्हणजेच त्यांचा स्फटिक केला, तर सगळ्यांचा मिळून एक स्पष्ट ठसा उमटतो. आमच्या चर्चच्या क्वायरचं असंच आहे. एकेकट्याचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही, एका सुरात लागले की रस्त्यावर ऐकू येतो. आता गंमत अशी की पुष्कळ प्रथिनं रांगेत उभी राहायला तयारच होत नाहीत. त्यांचे स्फटिक करता करता संशोधकांची वर्षं जातात.

सीमन याच कामात होता आणि याच अडचणीनं त्रासला होता. १९८० मध्ये एक दिवस तो कॅम्पसमधल्या पबमध्ये बसला असताना त्याला एशर या डच चित्रकाराचं ‘डेप्थ’ हे चित्र आठवलं. त्यात एका मागे एक, एका वर एक, एका शेजारी एक असे मासे ओळीनं पोहताहेत, स्फटिकातल्या रेणूंसारखे. सीमनच्या डोक्यात आलं, प्रथिनं आपणहून रांगेत येत नाहीत ना, मग डीएनएचे चौकोन-चौकोन बांधू आणि प्रत्येक चौकटीत एकेक प्रथिन अडकवू. चौकटी रांगेत असल्या की पाहुणेही रांगेत. १९८२ मध्ये त्यानं ही कल्पना छापली. १९९१ मध्ये डीएनएचा घन तयार झाला. आणि आधी आराखडा काढून बांधलेला त्रिमितीतला डीएनएचा स्फटिक प्रसिद्ध झाला तो २००९ मध्ये. कल्पना छापल्यापासून सत्तावीस वर्षं! प्रथिनं टांगून त्यांची रचना पाहायचं मूळ स्वप्न अजूनही हातातलं काम झालेलं नाही. सीमन २०२१ मध्ये गेला. पण त्याच्या हट्टातून एक अख्खं शास्त्र उभं राहिलं, आणि माझ्यासारखीला आवडलेली गोष्ट अशी की ते एका चित्राच्या आठवणीतून उभं राहिलं.

पुढचा मोठा टप्पा २००६ चा. पॉल रोथमुंड या शास्त्रज्ञानं कॅलिफोर्नियात एम१३ नावाच्या विषाणूचा डीएनए घेतला. हा विषाणू जिवाणूंना धरतो, आपल्याला काही करत नाही. त्याच्या डीएनएचा एकेरी धागा ७,२४९ अक्षरांचा. रोथमुंडनं दोनशेहून अधिक छोटे तुकडे असे तयार केले की प्रत्येक तुकड्याची एक बाजू त्या लांब धाग्याच्या एका जागेला चिकटेल आणि दुसरी बाजू भलत्याच लांबच्या जागेला. कागदाला स्टेपल मारावी तसं. सगळं मिठाच्या पाण्यात एकत्र गरम केलं, हळूहळू थंड होऊ दिलं, आणि लांब धागा आपला आपण दुमडून हव्या त्या आकारात बसला. त्यानं काय बनवलं? हसरा चेहरा! आरपार साधारण १०० नॅनोमीटर, आणि एका थेंबात असे अब्जावधी चेहरे.

इथे मी मावसभावाला थांबवलं. त्या ७,२४९ अक्षरांत त्या विषाणूचा मजकूर लिहिलेला असणार ना? त्याचं काय झालं? तो म्हणाला, "काहीच नाही. तो मजकूर इथे कोणी वाचतच नाही. क्रम माहीत असला की बास."

हे वाक्य मी दोन दिवस चघळत होते. ज्याला आपण संहिता, वारसा, नियती मानतो, त्याचा या लोकांनी दोरा केला. गजऱ्याचा दोरा कुठल्या कापसाचा, हे केसात माळताना कोणी विचारत नाही. त्यात काय काय ओवलंय ते दिसतं.

आता ओवायचं कसं ते बघू, कारण खरी कारागिरी तिथे आहे. प्रथिनाला डीएनए आवडतो म्हणून ते येऊन बसत नाही. त्याला आधी एक शेपूट जोडावं लागतं. डीएनएचा एक छोटा तुकडा रासायनिक गाठीनं प्रथिनाला बांधतात, आणि परांचीवर ज्या जागी ते बसवायचं तिथे त्या तुकड्याचा जोडीदार मोकळा लोंबत ठेवतात. ए ला टी सापडला, जी ला सी सापडला की प्रथिन बरोबर आपल्या पत्त्यावर. हसऱ्या चेहऱ्यासारख्या परांचीवर असे पत्ते साधारण ६ नॅनोमीटरच्या अंतरानं देता येतात. दुसरी एक पद्धत म्हणजे बायोटिन आणि स्ट्रेप्टअॅव्हिडिन. बायोटिन हे एक जीवनसत्त्व, आणि स्ट्रेप्टअॅव्हिडिन हे ते दिसलं की घट्ट धरून ठेवणारं प्रथिन. २००३ मध्ये ड्यूक विद्यापीठात डीएनएची जाळी विणून तिच्या गाठीगाठींवर बायोटिन ठेवलं, तर स्ट्रेप्टअॅव्हिडिन ओळीनं येऊन त्यावर बसलं. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर रांगोळीच्या ठिपक्यांसारखं दिसलं.

एवढा खटाटोप कशासाठी? एक उदाहरण सांगते. शरीरातली रसायनं घडवणाऱ्या प्रथिनांना एन्झाइम म्हणतात. मराठी पुस्तकात त्यांना विकर असा शब्द आहे. तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आमच्या बिशपांचे व्हिकर जनरलच आठवले. असो. पुष्कळदा एका विकराचं तयार झालेलं काम दुसऱ्या विकराचा कच्चा माल असतो. सराफ्यात जिलेबीवाल्याकडे तळणाची कढई आणि पाकाचं भांडं शेजारी शेजारी का असतात? जिलेबी निघाली की लगेच पाकात. तसंच ही दोन विकरं डीएनएच्या परांचीवर जवळजवळ बसवली तर काम भरभर होईल, असा विचार होता. २०१२ मध्ये अॅरिझोनातल्या संशोधकांनी ग्लुकोजवर काम करणारं एक आणि त्यातून निघालेलं पेरॉक्साइड वापरणारं दुसरं, अशी दोन विकरं १० पासून ६५ नॅनोमीटरपर्यंत वेगवेगळ्या अंतरांवर बसवून पाहिली. १० नॅनोमीटरवर काम सगळ्यात जोरात.

झालं, सिद्ध झालं, असं वाटलं ना? मलाही वाटलं. पण २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या एका गटानं म्हटलं, थांबा. वेग वाढतो हे खरं, पण तो विकरं जवळ बसली म्हणून वाढत नाही. डीएनएवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे त्याच्या अगदी लगतचं पाणी थोडं आम्लधर्मी होतं, आणि त्या विकरांना तेच मानवतं. म्हणजे ज्या परांचीला सगळे मुकी, निर्विकार समजत होते, तिनंच आपल्यावर बसलेल्यांचं हवापाणी बदललं होतं. हा वाद मला सगळ्यात जास्त भावला. परांची नुसती धरून ठेवत नाही, धरलेल्याला थोडं बदलतेही. भाषेचं याहून नेमकं वर्णन मी आमच्या भाषाविज्ञानाच्या पेपरातही वाचलेलं नाही.

दुसरं उदाहरण लसीचं. लस देताना शरीराला रोगजंतूचा एखादा तुकडा ओळख म्हणून दाखवतात. हे तुकडे किती असावेत आणि किती अंतरावर असावेत, हे मोजून पाहायला डीएनएची परांची फार उपयोगी, कारण पत्ते आपल्या हातात. २०२० मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी एचआयव्हीच्या प्रथिनाचा तुकडा साधारण ४० नॅनोमीटरच्या डीएनएच्या चेंडूवर बसवला आणि प्रतिकारपेशी कशा जाग्या होतात ते पाहिलं. वाटलं होतं की जितके जास्त तितकं चांगलं. निघालं असं की पाच तुकडेसुद्धा पुरतात, पण ते दाटीवाटीनं नकोत, एकमेकांपासून २५-३० नॅनोमीटरपर्यंत ऐसपैस हवेत. पुढे २०२४ मध्ये करोनाच्या विषाणूचा तुकडा असाच बसवून उंदरांना दिला. परांची प्रथिनाची असली तर शरीर तिच्याविरुद्धही लढायला उठतं आणि अर्धं बळ तिथेच खर्च होतं. डीएनएच्या परांचीविरुद्ध तसं झालं नाही. तिनं स्वतःकडे लक्ष न ओढता पाहुण्याला पुढे केलं. यजमान असावा तर असा.

आणि हे सगळं परदेशातच चाललंय असं नाही. यमुना कृष्णन यांनी बंगळूरच्या एनसीबीएसमध्ये २००९ मध्ये डीएनएचं एक इवलं यंत्र करून दाखवलं, जे पेशीच्या आतल्या कप्प्यांत जाऊन तिथली आम्लता सांगतं. ते योग्य वाटेनं आत जावं म्हणून त्याला ट्रान्सफेरिन हे प्रथिन जोडलं होतं. म्हणजे पुन्हा डीएनए आणि प्रथिनाची गाठच. कृष्णन यांना २०१३ चं भटनागर पारितोषिक मिळालं. त्यांचं बी.एस्सी. चेन्नईच्या विमेन्स ख्रिश्चन कॉलेजमधलं. आपल्यासारख्याच एका कॉलेजातून त्या निघाल्या, हे वाचून मला उगीचच बरं वाटलं.

फुगवून सांगायचं नाही, म्हणून हेही सांगते. रक्तात डीएनए तोडणारी विकरं असतात, ती या परांचीचा फडशा पाडतात. ती टिकायला पाण्यात मॅग्नेशियमसारखे क्षार नीट प्रमाणात लागतात. खर्चही कमी नाही. यातलं बहुतेक काम अजून काचेच्या नळीत आणि उंदरांतच आहे. उद्या दवाखान्यात डीएनएच्या परांचीचं इंजेक्शन मिळेल, असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मैत्रिणीनं विचारलं, "ही देवाच्या कामात ढवळाढवळ नाही का?" मला तसं वाटत नाही. वाटाण्यांवरून आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल मठात राहणारा संन्यस्त होता, आणि मोजणं-जोडणं त्याला श्रद्धेच्या आड आलेलं दिसलं नाही. ढवळाढवळीची भीती बाळगायचीच असेल, तर डीएनएच्या नावावर माणसांचे कप्पे पाडणाऱ्यांची बाळगावी.

आता भाषेकडे येते.

माझं म्हणणं साधं आहे. ‘मराठी आपल्या डीएनएत आहे’ हे वाक्य आपण सोडून द्यावं. पहिलं कारण, ते खोटं आहे. मराठी कोणाच्याही डीएनएत नसते. माझ्या आजोबांच्या नातवंडांपैकी दोघं पुण्याला वाढली आणि चटचट मराठी बोलतात, एक दिल्लीत वाढला, त्याला ‘पाणी दे’च्या पुढे येत नाही. आजोबा तेच, रक्त तेच. ज्या घरात कोणी रोज बोललं, रागावलं, गोष्ट सांगितली, तिथे भाषा आली.

दुसरं कारण, ते वाक्य अन्याय करतं. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्मानं इंग्रज. १५७९ मध्ये गोव्यात आले, इथली भाषा शिकले, आणि १६१६ मध्ये त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापून झालं. जवळजवळ ११ हजार मराठी ओव्या! आपण अभ्यासक्रमात ते वाचतो, परीक्षेत त्यावर दहा मार्कांचं उत्तर लिहितो. त्यांचे ‘मूळचे कोण’ विचारून आपण त्यांना मराठी साहित्यातून बाहेर काढणार का? नाही ना? मग जिवंत माणसांना का विचारतो?

तिसरं कारण जास्त व्यवहाराचं आहे. डीएनएमध्ये आहे म्हटलं की आपण हात झटकून मोकळे होतो. आहेच ना आत, जाईल कुठे? याच भरवशावर इंदूरच्या किती घरांतून मराठी गेली, हे आपापल्या चुलत-मावस भावंडांकडे पाहून मोजा. परांची अशी भरवशावर उभी राहत नाही. ती रोज बांधावी लागते, दोर ढिला झाला तर आवळावा लागतो.

कोणी म्हणेल, मग घरातून आलेल्या मराठीला काहीच किंमत नाही? आहे, खूप आहे. ओळंबा, परांची, थापी हे शब्द मला आजोबांनी दिले, कॉलेजनं नाही. दोरा कुठूनतरी यावाच लागतो. रोथमुंडला तो विषाणूकडून मिळाला, मला आजोबांकडून. पण नुसत्या दोऱ्याला आपण गजरा म्हणत नाही. आणि उपमा फार ताणू नये हेही मला कळतं, माणसं म्हणजे रेणू नव्हेत. तरी एक गोष्ट त्या प्रयोगांतून घेण्यासारखी आहे. ज्याला जोडून घ्यायचंय त्याला आधी शेपूट द्यावं लागतं आणि त्याचा जोडीदार परांचीवर मोकळा ठेवावा लागतो. आपण काय करतो? मोकळी जागाच बुजवून टाकतो.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते सांगते. आपल्या मंडळाच्या सभासदत्वाच्या अर्जावर तिसरा रकाना आहे, ‘महाराष्ट्रातील मूळ गाव’. तो कोणी आणि कधी घातला, मला माहीत नाही. बहुधा कौतुकानंच घातला असेल, सगळ्यांना आपलं गाव सांगायला आवडतं. माझ्या वर्गात एक मुलगी आहे. घरी माळवी बोलतात. शेजारच्या आजींकडे लहानपणापासून जाऊन-येऊन ती मराठी शिकली, आणि माझ्यापेक्षा शुद्ध लिहिते. गेल्या जुलैत तिनं अर्ज घेतला, त्या रकान्यापाशी थांबली, आणि अर्ज घडी करून वहीत ठेवला. मी म्हटलं, "कुछ भी लिख दे ना यार." ती म्हणाली, "झूठ क्यों लिखूँ?" तो अर्ज अजून तिच्या वहीत आहे. मी त्याच रकान्यात श्रीरामपूर लिहून आत आले. ज्या गावात मी आयुष्यात चार वेळा गेले असेन, त्या गावाच्या जोरावर.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी तीन गोष्टी मांडणार आहे. हा रकाना काढावा, आणि त्या जागी ‘मराठी कोणाकडून शिकलात?’ असं विचारावं. या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकाकडे असतं, आणि उत्तरात नेहमी एखादं माणूस असतं. दुसरं, महिन्यातून एक बैठक अशी घ्यावी की तिथे घरी मराठी नसलेल्यांनी वाचावं आणि आपण ऐकावं, मध्ये मध्ये शुद्धलेखन सुधारू नये. थोडं ऐसपैस बसू द्यावं. तिसरं, दर अंकात एक लेख आपल्या विषयाबाहेरचा असावा, विज्ञानाचा, कायद्याचा, पैशाचा, आणि तो मराठीत असावा. हा लेख लिहिताना मला जाणवलं की मावसभावाशी डीएनएवर बोलताना माझं एकही वाक्य धड मराठीत पुरं होत नव्हतं. ज्या भाषेत नवं काही टांगता येत नाही, तिच्यावर फक्त जुने फोटो टांगले जातात.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर यावं आणि विरोधात बोलावं. त्या काकूंनाही मी बोलावणार आहे, त्यांचा नंबर मी मिळवलाय. त्यांच्या प्रश्नाला मी त्या दिवशी हसून "नगरकडचे" एवढंच म्हटलं होतं. या वेळी त्यांना विचारणार आहे की काकू, तुम्ही मराठी कोणाकडून शिकलात? मग मी त्यांना माझ्या आजोबांबद्दल सांगेन.